काप कुणाचा

बोअरचं पाणी खारट झालं त्याला आता तिसरा महिना चालू होता. आधी रोपांच्या पानांच्या कडा करपल्या, मग करपणं कडेकडून आत सरकत गेलं, आणि शेवटी मालक वाफ्यांतून फिरायचं सोडून ऑफिसच्या पायरीवर बसायला लागले. मालक पायरीवर बसले की काहीतरी वाईट ऐकायला मिळणार, हे नर्सरीतल्या सगळ्या बायकांना पाठ होतं. त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना बोलावलं आणि नर्सरी बंद होत असल्याचं सांगितलं. तयार कलमं एक व्यापारी एकगठ्ठा घेणार होता. पंचवीस तारखेला त्याचे ट्रक यायचे होते. आवारात राहणाऱ्यांनी पुढच्या महिन्याच्या अखेरीस खोल्या सोडायच्या होत्या.

"खोल्या कशाला सोडायच्या? खोल्यांना कुठं पाणी खारट लागतंय?" मागून एकीनं विचारलं.

विचारणारी अर्थात चौकशी होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं, पण सगळे तिला चौकशी म्हणूनच हाक मारत. लग्न होऊन आली त्या पहिल्याच आठवड्यात तिनं सासूला विचारलं होतं, की काडी उलटी बसवली तर आंबा खाली डोकं करून वाढेल का. सासूनं कपाळावर हात मारून घेतला होता. त्याला चौदा वर्षं झाली, पण तिचे प्रश्न काही आटले नव्हते. बोअर आटली असती तरी तिचे प्रश्न आटले नसते.

घरात तिघंच. नवरा नर्सरीचा पंप चालवायचा, सासू आणि ती कलमं बांधायच्या. राहायला आवारातल्याच दोन खोल्या. म्हणजे नर्सरीबरोबर तिघांचं काम जाणार होतं आणि डोक्यावरचं छप्परही. बायका पांगल्यावर मालकांनी तिला थांबवलं आणि खिशातून वर्तमानपत्राचा कापलेला तुकडा काढला.

"इथून दोन तासांवर मोठ्या कंपनीची रोपवाटिका आहे. एक कलम बांधणारी हवी आहे त्यांना. राहायला दोन खोल्या, दारात नळ. फक्त अर्ज इंग्रजीत पाहिजे. एक पान, स्वतःच्या शब्दांत. तुझं दहावीपर्यंत झालंय ना?"

"इंग्रजीत पस्तीस होते, मालक."

"बाकीच्या बायकांना तेवढेही नाहीत."

"पण इंग्रजीत कशाला? झाडांना इंग्रजी कळतं का?"

"झाडांना नाही, साहेबांना कळतं. त्यांचे मोठे साहेब परदेशातले आहेत."

"आणि स्वतःच्या शब्दांत म्हणजे हो? इंग्रजी शब्द माझे स्वतःचे कसे असतील?"

"ते तू बघ बाई," मालक म्हणाले आणि पुन्हा पायरीवर बसले.

घरात इंग्रजीचा विषय निघाला की सगळ्यांच्या माना धाकट्या दिराकडे वळत. तो वेगळा राहायचा आणि कचेरीच्या बाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज टाइप करायचा. दुसऱ्या दिवशी तो दुपारी आला, हातपाय धुतले, पाटावर बसला आणि पिशवीतून एक तयार कागद काढून वहिनीपुढे ठेवला.

"घ्या वहिनी. सही करा खाली."

चौकशीनं कागद हातात धरला. ओळी लांबच लांब होत्या. "भाऊजी, हे पहिलं काय लिहिलंय?"

"आपण हात जोडून अत्यंत नम्रपणे विनंती करतो, असं."

"बरं. आणि ही ओळ?"

"आपण गरीब आहोत, कुटुंबाचा भार आपल्यावर आहे, आणि साहेबांनी कृपा केली तर जन्मभर ऋणी राहू."

"आणि कलमांचं कुठं आहे?"

दिरानं कागद उलटून पाहिला, जसा काही तो स्वतःही पहिल्यांदाच पाहत होता. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. 'सदर कामाचा अनुभव आहे.' आलं की सगळं."

"'सदर काम' म्हणजे कुठलंही काम?"

"कुठलंही. म्हणून तर हा अर्ज कुठंही चालतो. गेल्या वर्षी नळाच्या जोडणीला हाच दिला होता, तेवढी एक ओळ बदलून."

"नळ आला?"

"नळाचं वेगळं असतं," दीर म्हणाला आणि चहा पिऊन उठला.

तो गेल्यावर चौकशी कितीतरी वेळ तो कागद बघत राहिली. शंभर लोकांनी असे शंभर कागद पाठवले तर साहेब त्यातला कुठला उचलणार? सगळेच नम्र, सगळेच गरीब. साहेबाला नेमकं काय जाणून घ्यायचं असेल, हा प्रश्न तिच्या डोक्यात शिरला आणि मग तिला स्वस्थ बसवेना. संध्याकाळी तिनं पायरीवरच्या मालकांनाच गाठलं.

"मालक, तुम्हाला नवी बाई ठेवायची असती, तर तिला काय विचारलं असतं?"

मालक जरा विचारात पडले. "एकच. बांधलेल्या शंभरात किती लागतात, म्हणजे जगतात."

"माझी किती लागतात?"

"ते कुणाला माहीत? आपल्याकडं मजुरी बांधण्यावर. लागलं, न लागलं, सगळं एकत्र."

खरंच होतं ते. नर्सरीत जोडीनं काम चाले. एक बाई खुंटाचा, म्हणजे कोयीपासून वाढलेल्या रोपाचा, शेंडा छाटून त्याला मधोमध चीर द्यायची, चांगल्या आंब्याच्या काडीला खाली पाचरीसारखा काप घ्यायची आणि चिरेत बसवायची. दुसरी त्यावर प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळून गाठ मारायची. प्रत्येक गाठ मारणारीची गाठ वेगळी, म्हणजे मजुरीला मोजताना भांडण नको. चौकशीची गाठ डावीकडं असायची आणि तिचं टोक वर दुमडलेलं असायचं. पण कोणाची किती लागली, हे कधी कोणी मोजलं नव्हतं. मोजलं की झाड रुसतं, असं जुन्या बायका म्हणत. सासू तर ठणकावून म्हणायची.

ट्रक यायला नऊ दिवस होते. चौकशीनं मोजायचं ठरवलं.

सकाळी कामाला लागायच्या आधी ती हिरव्या जाळीखाली शिरायची. एकेका वाफ्यात दोनशे पिशव्या, गुडघाभर उंचीची रोपं. ती उकिडवी बसून पिशवीपिशवीनं सरकायची. गाठ बघायची, मग काडी. काडीला पालवी असली तर एक खडा ओटीत, काडी काळी पडलेली असली तर डाव्या मुठीत. जाळीखाली आठ वाजताच वाफ निघायची. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरायचा आणि डोळे चुरचुरायचे. तिसऱ्या दिवशी मांड्या अशा भरून आल्या, की उठताना तिनं खांब धरला आणि खांबाचीच माफी मागितली. नवरा पंपघराच्या दारात उभा राहून बघायचा. "मोजून काय पालवी वाढणार आहे का?" तो म्हणायचा. पण चौथ्या दिवशी तोही दुसऱ्या टोकानं मोजायला बसला.

चार वाफे, आठशे कलमं. त्यातली सातशे चव्वेचाळीस लागली होती. शंभरात त्र्याण्णव.

चौकशीला विश्वास बसेना. दहावीत पस्तीस मिळवणारी ती आयुष्यात पहिल्यांदा नव्वदाच्या वर गेली होती. त्या दुपारी तिनं शाळेतला जुना शब्दकोश काढला आणि अर्ज लिहायला घेतला. भाऊजींसारख्या लांब ओळी तिला येत नव्हत्या. तिला चार-पाच शब्दांचं एक वाक्य जमायचं, मग दम लागायचा. पण गंमत अशी, की छोट्या वाक्यात लपायला जागाच नसते हे तिच्या लक्षात आलं. 'मी' लिहिलं, की पुढं काय केलं ते लिहावंच लागे. तिनं लिहिलं, मी आठशे कलमं बांधली. सातशे चव्वेचाळीस लागली. दोन ओळी लिहायला तास गेला, पण तिला आनंद आवरेना.

दुसऱ्या दिवशी दोघी मेलेल्या पिशव्या वेचून बाजूला काढत होत्या, तेव्हा तिनं सासूला ते वाचून दाखवलं. आधी इंग्रजीत, उगाच थोडा तोरा म्हणून, आणि मग आपल्या भाषेत.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. हातातली पिशवी खाली ठेवली.

"कुणी बांधली म्हणालीस?"

"मी. म्हणजे गाठी माझ्याच आहेत ना, आत्याबाई. एकेक बघून मोजल्यात."

"गाठी तुझ्या. आणि काप कुणाचा?"

 चौदा वर्षं काप सासूचा होता. सासूच छाटायची, सासूच चीर द्यायची, सासूच काडी बसवायची, आणि मग खुंट सुनेकडं सरकवायची. रोजचंच असल्यामुळं ते तिच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं. चार दिवस गुडघे मोडून तिनं मोजलं होतं ते दुसऱ्याच्या हाताचं काम.

"कलम कापात असतं," सासू म्हणाली, "गाठीचं काय, गाठ कोणीही मारतं."

हे मात्र चौकशीला लागलं. "मग चौदा वर्षांत मला काप शिकवला का नाही? वर्षाला दहादा तरी विचारलं असेल. दरवेळी म्हणायचात, पुढच्या हंगामात."

सासू उठून चालू लागली. दिवसभर दोघींनी वेगवेगळ्या वाफ्यांत काम केलं. आपलेच दात, आपलेच ओठ, कोणाला सांगणार?

पण अजून न मोजलेला एक वाफा होता, जो सबंध चौकशीचा होता. हंगामाच्या सुरुवातीला सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती तीन आठवडे लेकीकडं राहिली, तेव्हा पंपघरामागचा वाफा चौकशीनं एकटीनं केला होता. कापही तिचा, गाठही तिची. दुसऱ्या दिवशी तिनं तो मोजला. दोनशेपैकी एकशे बावीस. तिनं पुन्हा मोजला. एकशे बावीसच. शंभरात एकसष्ट. म्हणजे आपण फक्त चांगली गाठ मारणारी बाई आहोत, हे तिला कळलं, आणि ती तिथंच वाफ्याच्या कडेला बसून रडली.

जेवताना तिनं दोन्ही आकडे सांगितले. दीरही आला होता.

"त्र्याण्णव घाला," तो लगेच म्हणाला. "अर्जात कोणी खरं लिहितं का वहिनी?"

"झाकली मूठ सव्वा लाखाची," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात विनवणी होती. "अगं, कोण येतंय इथं बघायला? पुढच्या महिन्यात सामान कुठं न्यायचं, मला कळत नाही. पंपावरचा माणूस आता कोणाला हवाय? एकच अर्ज आहे आपल्याकडं."

"आणि तिथं गेल्यावर? माझ्या हातात चाकू दिला की काय होईल?"

"शिकशील."

"कोणाकडून?"

सगळ्यांनी सासूकडं बघितलं. म्हातारी खाली मान घालून जेवत होती. तिनं घास खाली ठेवला.

"काप दिला असता, तर मला कोणी विचारलं असतं का?" ती म्हणाली. "डोळे गेले, गुडघे गेले. तुम्ही सगळे भराभर चालता, मी मागं राहते. एवढा काप तेवढा माझ्याजवळ राहिला होता. तोही दिला असता, तर घरात नुसतीच बसले असते. म्हणून नाही दिला. वाईट केलं, पण केलं."

 चौकशीला रागही आला आणि म्हातारीची दयाही आली, आणि दोन्हींतलं आधी कुठलं गिळावं ते तिला समजेना. शेवटी तिनं विचारलं, कारण तिला दुसरं काही येत नव्हतं:

"आत्याबाई, माझी अठ्ठ्याहत्तर का गेली असतील?"

"मला काय विचारतेस? उघडून बघ."

उघडून बघायचं! मेलेलं कलम इतक्या वर्षांत कोणी उघडून पाहिलं नव्हतं. मेलं की ढिगावर. दुपारी चौकशी पंपघरामागं बसली आणि तिनं पहिली पट्टी सोडली, काडी उपसली. पाचर एका बाजूला लांब, दुसऱ्या बाजूला आखूड. आत काळी पोकळी. दुसरी उघडली, तीच तऱ्हा. दहावी उघडली तेव्हा मागून सावली पडली. सासू येऊन उभी राहिली होती. आधी नुसती बघत होती, मग खाली बसली, मग तिच्यानं राहवेना.

"आण इकडं." तिनं काडी हातात घेतली आणि कापावरून अंगठा फिरवला. "एकदा थांबलीस मध्येच. बघ, पायरी पडली. चाकू एकदा लावला की शेवटपर्यंत ओढायचा. श्वास सोडायचा नाही."

"आणि ही? हिचा काप तर सरळ आहे."

"ही काडी आधीच मेलेली होती. दुपारी काढलीस का?"

"हो. सकाळी वेळच मिळाला नाही."

"मग काय! उन्हात काढलेली काडी अर्ध्या तासात सुकते. वरून हिरवी दिसते, हीच तर लबाडी."

दोन दिवस दोघी अशा बसल्या. अठ्ठ्याहत्तर कलमं उघडली. एकावन्न पाचरीनं गेलेली, एकोणीस उन्हानं. आठ मात्र अशी निघाली, की काप बरा, काडी बरी, गाठ घट्ट, तरी मेलेली. म्हातारीनं ती आठ पुन्हा पुन्हा अंगठ्यानं चाचपली आणि म्हणाली, "ही मलाही कळत नाहीत." चौदा वर्षांत हे वाक्य तिच्या तोंडून निघालं नव्हतं. चौकशीनं ती आठ पिशवीसकट पंपघराच्या खिडकीत जपून ठेवली.

मग तिनं आधीचा कागद फाडला आणि नवा लिहिला. इंग्रजीत होता, पण आपल्या भाषेत साधारण असा होता:

"साहेब, मी चौदा वर्षं आंब्याच्या कलमांचं काम करते. आम्ही दोघी मिळून करतो. सासू कापते. मी गाठ मारते. या हंगामात आमची आठशे कलमं होती. सातशे चव्वेचाळीस लागली. सासूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मी एकटीनं दोनशे केली. एकशे बावीस लागली. हे कमी आहे. न लागलेली अठ्ठ्याहत्तर मी उघडून पाहिली. एकावन्न माझ्या वाकड्या कापानं गेली. एकोणीस काड्या मी दुपारी काढल्या, त्या सुकल्या होत्या. आठ का गेली ते आम्हाला समजलं नाही. ते मला शोधायचं आहे. माझी गाठ सुटत नाही. काप मी आता शिकते आहे."

दिरानं वाचलं आणि डोक्याला हात लावला. "वहिनी, हा अर्ज आहे की कबुलीजबाब? यात विनंती कुठं आहे?"

"विनंती कशाला? मला काय येतं ते त्यांनी विचारलंय, ते सांगितलं."

"आणि काय येत नाही ते?"

"ते तिथं गेल्यावर दिसणारच आहे. हातच्या काकणाला आरसा कशाला?"

 कागद पाकिटात घालून नवऱ्यानंच टपालात टाकला, पण परत आल्यावर तो बराच वेळ बंद पंपावरची धूळ पुसत बसला होता. पंचवीसला ट्रक आले. वाफे रिकामे झाले. जाळीखाली पिशव्यांचे गोल डाग तेवढे राहिले. रोज सकाळी चौकशी सासूसमोर बसून झुडपांच्या काड्या कापायची आणि सासू अंगठा फिरवून म्हणायची, पुन्हा. बोटांना चिंध्या बांधून बांधून तिला भाकरी थापता येईना, ती नवरा थापायला लागला, आणि त्याच्या भाकरीचा आकार हा घरातला एकमेव विनोद होता.

उत्तर आठव्या दिवशी आलं. चार ओळी होत्या. शब्दकोश न काढता तिला समजल्या. सोमवारी या. कापणारीलाही आणा. जागा एकच आहे. ती आठ कलमं फेकली नसतील तर बरोबर घेऊन या.

"मला कशाला?" सासू घाबरली. "जागा एक, आणि बाया दोन. मला ठेवून घेतलं तर? मी काय बोलणार त्यांच्याशी?"

चौकशीलाही तीच भीती होती, पण ती आठ पिशव्या चिंध्यांत गुंडाळायला लागली.

मोठे साहेब म्हणजे एक बाई निघाल्या. गुडघ्यापर्यंत चिखल, नखांत माती. आठही कलमं त्यांनी भिंगाखाली धरली, एकाच्या खुंटाची मुळी चिरून बघितली आणि बोटानं दाखवली. मुळीच्या आत तपकिरी रेघ होती. खुंटच आधीपासून आजारी. चौकशी आणि सासू दोघी एकदम पुढं वाकल्या आणि त्यांची डोकी एकमेकींवर आपटली. बाई मोकळेपणानं हसल्या. त्यांना आपली भाषा चौकशीच्या इंग्रजीइतकीच येत होती, दोन-तीन शब्दांची. त्यांनी टेबलावर वीस खुंट मांडले, दोन स्टुलं ठेवली. सासू सवयीनं चाकूच्या बाजूला बसली.

"नाही," बाई म्हणाल्या. सासूकडं बोट केलं. "तू गाठ." मग चौकशीकडं. "तू काप."

 पहिल्या काडीला तिनं चाकू लावला, श्वास धरला आणि शेवटपर्यंत ओढला. काडी बसवून खुंट सासूकडं सरकवला. पट्टी गुंडाळण्याआधी सासूचा अंगठा कापाच्या कडेवरून फिरला. चौकशीनं चेहऱ्याकडं बघितलं.  म्हातारीचे ओठ आत ओढलेले होते, तोंडातलं वाक्य बाहेर पडू नये म्हणून. वीसही कलमं झाली आणि एकदाही 'पुन्हा' ऐकू आलं नाही. सासूची बोटं गाठीला सरावलेली नव्हती, पट्टी दोनदा निसटली. तीन आठवड्यांनी कळवू, असं बाईंनी सांगितलं.

ते तीन आठवडे कसे गेले, ते त्या तिघांनाच ठाऊक. नवऱ्यानं सामान बांधलं, सोडलं, परत बांधलं. महिना संपायला चार दिवस उरले तेव्हा पत्र आलं. चौकशीनं उभ्याउभ्याच फोडलं आणि मोठ्यानं वाचलं, आधी इंग्रजीत आणि मग सगळ्यांना समजेल असं. वीसपैकी सतरा लागली. पहिल्या तारखेपासून या. खोल्या तयार आहेत.

नवरा बांधलेल्या सामानावर बसला आणि डोळे पुसायला लागला. चौकशी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचत होती. सासू दाराशी उभी होती.

"किती म्हणालीस?"

"सतरा, आत्याबाई."

म्हातारीनं बोटांवर काहीतरी मोजलं. "प्रत्येक कापावरून माझा अंगठा फिरलाय," ती म्हणाली. "एकही वाकडा नव्हता. ती तीन माझ्या गाठीनं गेली. तसं लिही त्यांना."

"आता कशाला? मिळाली ना नोकरी."

"मिळाली म्हणून काय झालं?" सासू आत आली आणि तिच्यासमोर बसली. "काढ कागद. इंग्रजीत लिही."